विश्लेषण : ताप पवईत, गोचीड दोडामार्गात? दवाखान्यात विचारायलाच हवा असा एक प्रश्न

शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला परततो. चार-पाच दिवसांनी त्याला थंडी वाजून ताप येतो, डोके फुटायला होते, अंग मोडून येते. पवईतल्या दवाखान्यात मलेरिया आणि डेंग्यूची चाचणी होते. दोन्ही अहवाल निगेटिव्ह येतात. ‘व्हायरल आहे, आराम करा’ असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण हा माणूस गेल्या आठवड्यात सिंधुदुर्गातल्या काजूच्या बागेत पातेरा गोळा करत होता, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. गोचिडांपासून होणाऱ्या आजारांबाबत मुंबईची खरी अडचण औषधांची किंवा यंत्रांची नाही. हा प्रश्न विचारलाच जात नाही, ही अडचण आहे.

लाइम आजाराचीच चर्चा का होते?

मोबाइलवर ‘गोचीड चावल्यावर काय होते’ असे शोधले की पहिल्यांदा समोर येतो तो लाइम आजार. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील लाइम या गावावरून त्याला हे नाव मिळाले. १९७५च्या सुमारास तिथल्या अनेक मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरे आणि ज्युडिथ मेन्श या दोन मातांनी ‘एवढ्याशा गावात इतकी मुले एकाच वेळी आजारी कशी?’ असा प्रश्न आरोग्य खात्याला विचारला. मरे यांनी तर घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या लक्षणांच्या नोंदी ठेवल्या होत्या. डॉ. ॲलन स्टीअर आणि सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला. १९७७च्या त्यांच्या शोधनिबंधात ३९ मुले आणि १२ प्रौढ रुग्णांची माहिती होती. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडांत मळसूत्राच्या आकाराचा जिवाणू सापडला. १९८२ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि जिवाणूला त्यांचेच नाव मिळाले, ‘बोरेलिया बर्गडॉर्फेरी’.

आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे उपचार होतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. म्हणूनच इंटरनेटवर लाइमविषयीची माहिती एवढी आहे. पण माहिती जिथली जास्त, तिथलाच धोका आपल्या दारात जास्त, असा हिशेब करून चालत नाही.

मग पवईकरांनी लाइमची भीती बाळगायची का?

सोसायटीतल्या कुत्र्याच्या अंगावर दिसणारा तपकिरी गोचीड लाइम पसरवत नाही. अमेरिकेत तो आजार काळ्या पायांच्या, हरणांवर वाढणाऱ्या वेगळ्या जातीच्या गोचिडापासून होतो. त्यामुळे कधीही परदेशी न गेलेल्या माणसाने केवळ सांधे दुखतात म्हणून लाइमची महागडी चाचणी करून घेण्यात अर्थ नाही. आजाराची शक्यता कमी असताना केलेली चाचणी खोटा पॉझिटिव्ह अहवाल देण्याचा धोका अधिक असतो.

एक अपवाद मात्र पवईत घरोघरी सापडेल. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत, आणि आई-बाबा उन्हाळ्यात चार महिने तिकडे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट हाच लाइमचा मुख्य पट्टा आहे. मे ते जुलै या काळात तिथे खसखशीच्या दाण्याएवढे बालगोचीड सर्वाधिक सक्रिय असतात. घरामागच्या गवतात नातवंडांशी खेळताना ते चावले, तरी कळत नाही. चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत बहुतेकांच्या अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा उठतो. तोवर आजी-आजोबा मुंबईत परतलेले असू शकतात, आणि इथे तो चट्टा गजकर्ण समजून मलम दिले जाण्याची शक्यता आहे. सुरुवातीला डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या प्रतिजैविकाने बरा होणारा हा आजार दुर्लक्षित राहिला, तर सांधे, चेतातंतू आणि हृदयापर्यंत पोहोचू शकतो.

आपल्याकडचा गोचिडांचा आजार कोणता?

तो आहे माकडताप, म्हणजेच क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही), हा वेगळाच विषाणू असल्याचे दाखवून दिले. तो रानातल्या गोचिडांमार्फत पसरतो. माकड मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात, आणि ती जागा माणसासाठी धोक्याची होते. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला हा आजार होत नाही.

अनेक दशके हा ‘कर्नाटकचा आजार’ मानला गेला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात त्याची साथ आली. जानेवारी २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात आढळला आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा परिसरात. काजूच्या बागांत काम करणारे, जळणासाठी लाकडे आणणारे, गुरे चारणारे लोक त्यात सापडले.

पण याचा मुंबईशी संबंध काय?

संबंध वेळापत्रकाचा आहे. माकडतापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. शिमगा, काजूचा हंगाम आणि मुलांची मे महिन्याची सुटी याच काळात येतात. गोचीड चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण तीन ते आठ दिवस जातात. म्हणजे गावी गोचीड चावला, तुतारी एक्स्प्रेसने माणूस दादरला उतरला, आणि ताप आला तो पवईत, भांडुपला किंवा घाटकोपरला. दोडामार्गच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर माकडतापाचा विचार लगेच करेल, कारण त्याने तो पाहिलेला आहे. मुंबईतला डॉक्टर तो विचार कशाच्या आधारावर करणार?

हा विचार होणे गरजेचे आहे, कारण बाधितांपैकी तीन ते पाच टक्के रुग्ण दगावतात. ताप येऊन तीन-चार दिवस झाल्यावर काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्तस्राव होतो. काही रुग्ण बरे झाल्यासारखे वाटतात आणि तिसऱ्या आठवड्यात ताप उलटतो, सोबत झटके किंवा भ्रम दिसतो. यावर नेमके विषाणूविरोधी औषध नाही. सलाइन, रक्तस्रावावर लक्ष, वेळेवर दाखल करणे हाच उपचार. ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढू शकतो. निदान माहीत नसेल, तर नेमकी तीच गोळी घरातल्या डब्यातून दिली जाण्याची भीती असते.

लस नाही का?

होती. कर्नाटकात १९९०पासून ती दिली जात होती. २००५ ते २०१० या काळातील आकडेवारीच्या अभ्यासात दोन मात्रांची परिणामकारकता सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेनंतर ८३ टक्के आढळली. पुढे तिचा प्रभाव पुरेसा नसल्याचे दिसल्याने २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनी यांच्यामार्फत नवी लस विकसित केली जात आहे. विषाणू सापडून सहा दशके उलटल्यावरही आपण भरवशाच्या लशीच्या प्रतीक्षेत आहोत. या आजाराचे रुग्ण शहरी असते, तर ही प्रतीक्षा इतकी लांबली असती का?

शहरातल्या कुत्र्यांच्या गोचिडांचे काय?

पवईला एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला आयआयटीची झाडी आणि पलीकडे आरे व संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पाळीव आणि भटकी कुत्रीही भरपूर. म्हणून इथे माकडताप आहे असे नाही. पण कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड ‘इंडियन टिक टायफस’ हा रिकेट्सिया जिवाणूचा ताप माणसाला देऊ शकतो. तळहात-तळपायांवरही उठणारे पुरळ ही त्याची एक खूण. डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो. उशीर झाला तर जिवावर बेततो.

याबाबत महाराष्ट्राकडे एक चांगले उदाहरण आहे. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी यांनी सहकाऱ्यांसोबत २०११ मध्ये एक गुणांकन पद्धत मांडली. गोचिडांशी संपर्क, घरातले पाळीव प्राणी, पुरळ कुठे आहे अशा बाबींना गुण देऊन या तापाचा संशय लवकर घ्यायचा. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसतानाही रुग्णाला नीट विचारून आणि नीट पाहून निदानाकडे जाता येते, हे अकोल्याने दाखवले. मुंबईला ते अशक्य नाही.

काय करायला हवे?

पहिली गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर एक ओळ छापावी : ‘गेल्या महिनाभरात कुठे गेला होता? रान, बाग, गुरे, कुत्री, गोचीड यांच्याशी संबंध आला का?’ महापालिकेचे दवाखाने आणि खासगी डॉक्टर, दोघांसाठीही. पावसाळी आजारांच्या यादीत मलेरिया, डेंग्यू, लेप्टो आपण पाठ केले आहेत. लेप्टोसाठी ‘साचलेल्या पाण्यातून चाललात का?’ हे विचारायला मुंबई २००५च्या महापुरानंतर शिकलीच. तशीच डिसेंबर ते मे या महिन्यांसाठीही एक सवय लागली पाहिजे.

दुसरी गोष्ट, संशयित रुग्णाचा नमुना पुण्याच्या एनआयव्हीकडे कोणी, कसा आणि किती वेळात पाठवायचा, हे पवईतल्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरलाही माहीत असावे. आणि मुंबईत निदान झालेल्या रुग्णाची खबर त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी मिळावी, कारण त्या बागेत उद्या दुसरा कोणीतरी जाणार आहे.

यावर एक आक्षेप येईल : शेकडो रुग्णांच्या रांगेत डॉक्टरांनी आणखी किती विचारायचे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ही ओळ छापील असावी आणि नोंदणीच्या खिडकीवरच भरून घेतली जावी.

आपल्या हातात काय आहे?

गावी रानात किंवा बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोज्यांत खोचलेली पँट, आणि आरोग्य केंद्रातून मिणारे गोचीड प्रतिबंधक तेल. परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि काखा, जांघा, कानामागे नीट पाहणे. मेलेले माकड दिसले तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवणे. गोचीड चिकटलेला दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. रॉकेल, तंबाखू, पेटती उदबत्ती यांचे प्रयोग करू नयेत आणि बोटांनी तो चिरडू नये. जागा साबणाने धुवावी आणि तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवावी.

त्यानंतर ताप आला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. ‘मी गावाहून आलोय, रानात गेलो होतो’ हे वाक्य आपणच आधी सांगा. लाइममध्ये दोन मातांनी नेमके हेच केले होते. त्या डॉक्टर नव्हत्या. त्यांनी फक्त पाहिलेले लिहून ठेवले आणि विचारत राहिल्या. अमेरिकेची भीती आयात करण्यापेक्षा ही सवय घेणे अधिक शहाणपणाचे.