छायाचित्राचा परिमळ

पॅरिस येथें सेलीन वेर्लर नांवाच्या बाईंनीं २०११ सालीं 'ऑल्फॅक्टिव्ह स्टुडिओ' ही अत्तरांची पेढी काढली. तिची रीत अशी कीं, एखाद्या कलावंताचें छायाचित्र अत्तर जुळविणाऱ्या कुशल गंध्याच्या हातीं द्यावयाचें, आणि त्यावरून त्यानें सुगंध सिद्ध करावयाचा. पहिल्याच वर्षीं निघालेल्या एका अत्तराचें नांव 'शांब्र न्वार', म्हणजे अंधारी खोली. जुन्या छायाचित्रकारांच्या अंधाऱ्या खोलींत खरा वास येई तो शिरक्यासारख्या आम्लाचा! गिऱ्हाइकास गोड वाटावें म्हणून कुपींत मात्र चंदन, धूप व चामडें यांची छटा आहे.

माल खपविण्याची ही युक्ति असेलहि. शिवाय तर्कसंग्रह पढलेला कोणताहि बटु विचारील कीं, रूप नेत्राचें आणि गंध घ्राणाचा, मग एकाचा विषय दुसऱ्यास कसा कळावा? आक्षेप रास्त आहे. तरी जुन्या वाड्याच्या माजघराचें चित्र हातीं आलें कीं, तेथें वाढलेल्या माणसास शेणानें सारवलेल्या भुईचा आणि देवघरांतील ऊद-कापराचा वास आल्यावांचून राहत नाहीं. त्याच्या नातवास मात्र त्या चित्रांत भिंती व कोनाडे दिसतात, एवढेंच.

आमच्या कुंडलाचें चित्र त्या गंध्यापुढें ठेविलें तर तो काय करील? डोंगर, त्यावरील जैनांचीं देवस्थानें, खालीं उंसाचीं शेतें, हें त्यास दिसेल. गुऱ्हाळाच्या काहिलींत रस आटूं लागल्यावर सुटणारा वास त्यास कोठून दिसणार? मृगाच्या पहिल्या सरीनें काळ्या मातीस येणारा वास तर त्याहून अवघड. त्या वासास इंग्रजी शास्त्रीय नांव १९६४ सालीं दोघां शास्त्रज्ञांनीं ऑस्ट्रेलियांत दिलें. कनोजचे अत्तारी मात्र भाजलेली माती तांब्याच्या डेगींत घालून तिचा अर्क चंदनाच्या तेलांत उतरवीत आले आहेत, आणि तें काम अद्याप चालू आहे.

गंध जुळविणें हें आपल्याकडे शास्त्रच होतें. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत गंधयुक्तीस स्वतंत्र अध्याय दिला आहे. सोळा द्रव्यांतून कोणतींहि चार घेतल्यास १८२० प्रकार होतात, हा हिशेब त्यांत आहे. त्या चारांस एक, दोन, तीन व चार असे भाग आलटून पालटून दिले, तर प्रत्येक प्रकाराचे चोवीस होतात; पुढचा गुणाकार घरांतील मुलांनीं करून पाहावा. याहून नवलाची गोष्ट अशी कीं, 'गंधवाद' नांवाच्या संस्कृत ग्रंथावर जुनी मराठी टीकाच आहे. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं ती १९४५ च्या सुमारास विद्वानांच्या दृष्टीस आणली, आणि १९८९ सालीं बडोद्यास ती छापून निघाली. परंतु ती वाचून कोणी घरीं धूप कुटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

चित्रांची आस्था आमच्या भागांत कमी नव्हती. कुंडल ज्या औंध संस्थानांत होतें, त्याचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार. त्यांनीं १९३८ सालीं औंधास उभारलेलें संग्रहालय आजहि पाहावयास मिळतें. वासासाठीं असें घर कोणी बांधलें नाहीं. कुटुंबें पांगलीं, वाडे पडले. छायाचित्राच्या प्रती काढून भावाभावांनीं वांटून घेतल्या, पण दिवाळीचें उटणें बाजारांतून येऊं लागलें. ज्या वृद्ध स्त्रियांस त्याचें प्रमाण ठाऊक आहे, त्या किती घरांत उरल्या असतील?

म्हणून आम्ही सुचवितों कीं, घरांतील जुनें छायाचित्र काढून आजीच्या शेजारीं बसावें, आणि त्यांतील एकेका खोलींत कसला वास येई तें विचारून मागील कोऱ्या बाजूस लिहावें. उटण्यांत नागरमोथा किती, गव्हला कचरा किती, आंबेहळद किती, हेंहि विचारावें. उत्तर बहुधा 'अंदाजानें, मूठभर' असेंच मिळेल. तेव्हां तिलाच मूठ भरावयास सांगून ती तराजूंत घालावी, आणि वजन तेथेंच टिपून घ्यावें.