पेटीतली शेती

वाचकहो, फराळाच्या ताटाशी भांडण घेऊन बसणे बरे नव्हे. पण हे भांडण मुलांच्या खेळावरून आहे, तेव्हा आपण ते खपवून घ्याल.

'स्टारड्यू व्हॅली' नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. कचेरीला कंटाळलेला नायक आजोबांचे पत्र वाचून त्यांच्या पडीक शेतावर राहावयास जातो. तेथे त्याला पार्स्निपचे १५ बी भेट मिळते. रोज पाणी घालावे, चार दिवसांनी ते पांढऱ्या गाजरासारखे कंद उपटावेत, विकावेत, पुन्हा पेरावे. ऋतू २८ दिवसांचा. मध्यरात्रीनंतर दोन वाजेपर्यंत राबलात तर माणूस कोसळतो. हा संथपणा मला मनापासून आवडतो. अरसिक मंडळी त्याला 'रटाळ' म्हणतात, म्हणोत बापडी!

माझा वाद त्यांच्याशी नाही, खेळाचे गोडवे गाणाऱ्यांशी आहे. ते म्हणतात, यातून मुलांना शेती कळते. गोडी लागत असेल, कबूल. पण कळते? काय कळते?

या शेतावर कावळे पीक खातात, वीज पडून एखादे रोप जाते. दुष्काळ मात्र नाही. सावकार नाही, बँकही नाही. आणि घराशेजारी असते एक पेटी! संध्याकाळी माल तिच्यात टाकावा, सकाळी पैसे हजर. बी २० मोहरांना, साधा कंद ३५ मोहरांना. एक टाका की हजार टाका, भाव तोच! लासलगावच्या बाजारात हे सांगून पाहा. तेथे आवक वाढली की भाव पडतो; पीक चांगले आले हाच शेतकऱ्याचा गुन्हा ठरतो. २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती २०२४ च्या मे महिन्यात खुली झाली. तोवर कांदा चाळीत होता आणि हप्ता दारात. रविवारी कांदा काढून सोमवारी माझ्या वर्गात पेंगणाऱ्या मुलांना शेती म्हणजे काय, हे या पेटीने शिकवावे काय?

खेळ रचणाऱ्याला मात्र दोष देणार नाही. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने चित्रे काढली, संगीत रचले, सारी जुळणी केली. पोटासाठी नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखविली. २०१६ साली खेळ बाजारात येईपर्यंत तो कोणी घेईल की नाही, हे त्यास ठाऊक नव्हते. माझ्या मते खरी शेती त्या गृहस्थाने केली, खेळणाऱ्याने नव्हे!

तेव्हा हा खेळ मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत खुशाल खेळावा. फक्त त्याला शेतीचा धडा म्हणू नका. म्हणावयाचेच असेल तर ती पेटी काढा. तिच्या जागी लिलाव ठेवा, हमाली-तोलाई कापा, आणि मुलगा हजार कंद घेऊन आला त्या दिवशी भाव ३५ चा ४ करा. मग तो दुसऱ्या दिवशी पाण्याची झारी उचलतो का, ते मला कळवा.