हुकूम कळण्यापुरती भाषा नको

दोस्तांनो, इंग्रजीनंतर कोणती परदेशी भाषा शिकायची, हा प्रश्न आता आपल्या वस्त्यांतून विचारला जातोय. आपल्या बापांना तो पडला नव्हता. त्यांची मराठीत सही करायचीच मारामार होती. आज नालासोपारा स्टेशनबाहेर भाषांच्या क्लासच्या जाहिराती चिकटल्यात आणि दहावी झालेली पोरगी विचारते, दादा, मी काय घेऊ?

उत्तर द्यायला तिघे तयार असतात. क्लासवाला म्हणतो, जर्मन. चळवळीतला थोरला म्हणतो, पाली. तिसरा म्हणतो, भाषाबिषा ही बामणी चैन आहे, आधी मोर्चाला चल. मला तिघांशीही भांडायचंय.

तिसऱ्याचं आधी उरकतो. बाबासाहेबांना शाळेत अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारली, फारसी गळ्यात मारली. या माणसाने फारसी केली आणि पुढे संस्कृतही स्वतःच्या हिमतीवर केली. कोलंबियात फ्रेंच आणि जर्मनचे तास केले. 1921 साली लंडनहून बॉन विद्यापीठाकडे प्रवेशासाठी लिहिलं ते जर्मनमध्ये, स्वतःच्या अक्षरात. ते कागद बॉनच्या दप्तरात आहेत. त्या वेळी तिथे हेरमान याकोबी नावाचा संस्कृतचा मोठा पंडित होता. इथल्या शाळेत जी भाषा विटाळेल म्हणून लपवली, ती तिकडे जर्मन येणाऱ्या कुणालाही शिकता येत होती. याला चैन म्हणणाऱ्याने मोर्चात पुढे चालू नये, एवढंच म्हणतो.

पालीवाल्यांवर माझा राग नाही. पण पाली परदेशी कधीपासून झाली? बुरुड राजाच्या कोटातला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली उकरला. त्याच साली अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा इथेच सोपाऱ्यात मिळाला. नवव्याचा तुकडा भुईगावला सापडला 1956 साली. (साल बघा!) लेखांची भाषा प्राकृत, म्हणजे पालीची सख्खी बहीण. बाबासाहेबांनी पालीचा कोश रचला, तो शासनाने 1998 साली सोळाव्या खंडात छापला. तेव्हा पाली शिकाच. पण ती घरची आहे, परदेशी भाषांच्या हिशेबात तिला धरू नका.

आता क्लासवाला. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, स्वयंपाकी अशी माणसं तयार करून तिकडे पाठवायची. पोटासाठी कुणी जात असेल तर जावं. माझ्या घरातली पोर निघाली तर तिची बॅग मीच उचलीन. पण अशा क्लासात भाषा किती देतात? पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, सुपरवायझरने काय आणायला सांगितलं, बस संपलं. बॉनच्या दप्तरातल्या त्या कागदांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ही हुकूम कळण्यापुरती भाषा. गावकीत आपल्या आज्यांना एवढीच भाषा दिली होती. हाक आली की जी मायबाप, आणि निरोप घेऊन पळ. येसकरकी, तराळकी याच भाषेवर चालली. फरक एवढाच की आता तिची फी भरायची.

माझं म्हणणं असं : परदेशी भाषा निवडताना नोकरी कोण देतो हे एकदा विचारा आणि दोन प्रश्न वरून विचारा. आपल्या जमिनीचा, आपल्या घामाचा हिशेब कुठल्या भाषेत लिहिला जातोय? आणि आपल्यासारखी माणसं कुठल्या भाषेत भांडतायत?

पहिला प्रश्न वसईला जुना आहे. 1534 साली पोर्तुगीजांनी वसई घेतली. 1554 साली सिमाँव बोतेल्योने महसुलाचं दप्तर केलं, त्यात वसईकडच्या गावांचा वसूल पोर्तुगीजमध्ये लिहिलाय. शेतात राबणाऱ्याला ती वही वाचता येत नव्हती. 1739 साली चिमाजी अप्पा आला. वही पोर्तुगीजमधून मोडीत गेली. राबणाऱ्याला तीही वाचता येत नव्हती. चिमाजीच्या विजयाचे ढोल आपणही वाजवतो, पण वही कुणाच्या हातात गेली ते विचारत नाही.

आजची वही? 14 सप्टेंबर 2017 ला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली. ठाणे, विरार, बोईसर ही तिची स्टेशनं. तेव्हाचा अंदाज 1 लाख 8 हजार कोटींचा, त्यातला 81 टक्के पैसा जपानचं कर्ज. व्याज 0.1 टक्का, फेड 50 वर्षांत. पालघरच्या आदिवासींच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. ते मराठीत झाले आणि मराठीतच राहिले. कुणी म्हणेल, कराराचे कागद इंग्रजीतही असतात. असतील. पण ज्याच्या करातून हे कर्ज निघालं तो माणूस जपानीत पेपर वाचतो. त्यांच्या संसदेत प्रश्न जपानीत विचारला जातो. वारली बाईची जमीन कशी गेली हे त्याला त्याच्या भाषेत सांगणारा आपल्यातला एक तरी पोरगा आहे का? सरकारचा दुभाषा हे सांगणार नाही, त्याला पगार दुसऱ्या कामाचा मिळतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिकडेच सापडतं. जपानात बुराकू नावाची माणसं आहेत. मेलेली जनावरं ओढणं, कातडी कमावणं ही त्यांच्या पूर्वजांची कामं. त्यांना दिलेलं जुनं नाव ‘एता’ लिहायचं त्या अक्षरांचा अर्थ ‘पुष्कळ घाण’. दुसरं नाव ‘हिनिन’, म्हणजे माणूस नसलेला. 1871 साली सरकारने फर्मान काढून ही नावं रद्द केली, तर लोकांनी त्यांना ‘नवे सामान्यजन’ म्हणायला सुरुवात केली. हरिजन आठवलं ना? आणि 1975 साली उघडकीला आलं की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून मोठमोठ्या कंपन्यांना विकल्या जातायत. अर्जावरचा पत्ता यादीत सापडला की पोरगा बाद. आपल्याला आडनाव विचारतात, गाव विचारतात, शेवटी ‘म्हणजे कुठल्या आळीत?’ विचारतात. तीच यादी, फक्त छापलेली नाही.

या लोकांनी 3 मार्च 1922 ला क्योतोत सुईहेइशा ही संघटना काढली. सुई म्हणजे पाणी, हेइ म्हणजे सपाट. पाण्याच्या पातळीसारखी सगळी माणसं सारखी, म्हणून हे नाव. पाच वर्षांनी आपण महाडला पाण्यावरच गेलो! त्यांच्या झेंड्यावर काळ्या रंगात लाल काटेरी मुकुट होता. वसईच्या चर्चमध्ये येशूच्या डोक्यावर रोज दिसतो तोच. नाकागामी केंजी हा बुराकू वस्तीत जन्मलेला लेखक. त्याला 1976 साली अकुतागावा पुरस्कार मिळाला, इकडे 1978 साली ‘बलुतं’ आलं. दोन्हीकडे एकाच दशकात वस्ती लिहायला लागली. आणि आपण अजून एकमेकांना वाचतो ते इंग्रजीच्या मेहेरबानीने, इंग्रज देईल तेवढंच.

म्हणून मी सांगतो, जपानी शिका.

अवघड आहे, अवघड आहे म्हणून भिववतात. एका क्लासात मला तोंडावर म्हणाले, तुम्हा लोकांना पाली बरी. लिपी अवघड आहेच. हिरागाना 46, काताकाना 46 आणि रोजच्या वापराची कांजी 2,136. ते पाठच करावं लागतं. पण भाषेची घडण बघा. ‘वाताशी वा सोपारा नि सुन्दे इमासु.’ मी सोपाऱ्या-त राहत आहे. क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाच्या मागे, आपल्यासारखीच. इंग्रजी शिकताना वाक्य उलटं करून जीव गेला होता, तो त्रास इथे नाही. त्यांचा अक्षरक्रम ऐका : आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. ही आपली वर्णमाला आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर सिद्धम लिपी तिकडे गेली, तिच्या वळणाने हा क्रम लागला. ज्या वर्णमालेचा पाठ करायला आपल्याला शाळेबाहेर बसवलं, ती धम्माचं बोट धरून जपानला पोचली होती.

जपान काही पुण्यभूमी नाही. वर सांगितलंच. तिथल्या भाषेत मानाचे इतके थर आहेत की आपलं अहो-जाहो फिकं पडेल. ते थर ओळखायलाच शिकायचंय.

पैशाचं म्हणाल तर पाच जणांनी मिळून एक पुस्तक घ्या. एकाने क्लास लावावा, चौघांनी त्याच्याकडून घ्यावं. परीक्षा एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत असते, मुंबईत देता येते. पोरींना आधी बसवा, त्या सोडून जात नाहीत. हिरागाना मी शिकवतो, तेवढी मला येते. रविवारी वंदना झाली की विहारातच थांबा. फळा आहे, खडू आहे. वही मात्र चौकटीची आणा, कांजीला चौकोन लागतात.