सायकलीचं टाइम मशीन

काय दोस्तांनो, भविष्यकाळात जाऊन परत यायला किती खर्च येईल, सांगा पाहू!

आमच्या चौथीतल्या एका पठ्ठ्याने याचं उत्तर काढलं : शून्य रुपये. झालं असं, श्रावणातल्या एका शनिवारी मी वर्गात एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन' या 1895 सालच्या कादंबरीची गोष्ट सांगितली. तिच्यातला शास्त्रज्ञ एका यंत्रावर बसतो, दांडी ओढतो आणि थेट आठ लाख वर्षं पुढे जातो! परत येऊन मित्रांना सगळं सांगतो, पण विश्वास कोण ठेवणार? मग तो खिशातून दोन पांढरी फुलं काढून टेबलावर ठेवतो.

सोमवारी हा पठ्ठ्या वडिलांची बिनचाकाची सायकल घेऊन हजर. तिला कूलरचा मोडका पंखा बांधलेला. "सर, हाई टाइम मशीन शे! तुमच्या मोबाइलवर पिच्चर काढू."

आणि मी हसलो. सर हसले म्हणताच सगळा वर्ग हसला. त्याने ते धूड गुपचूप भिंतीच्या कडेला नेऊन ठेवलं. दिवसभर बोलला नाही.

रात्री मला मालेगाव आठवलं. आपल्या शिरपूरवरून मुंबई-आग्रा रस्ता जातो ना, तोच धरून धुळ्याच्या पुढे गेलं की मालेगाव लागतं. यंत्रमागांचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. त्यातला सुपरमॅन कोण? शफीक शेख, यंत्रमागावर राबणारा काडीपैलवान! कॅमेरा पुढे सरकवायला सायकल, उंच न्यायला बैलगाडी. उडायचं असेल तर हिरव्या कापडापुढे माणसाला आडवा धरायचा, मग संगणकावर तो हिरवा रंग काढून तिथे आभाळ भरायचं. एकदा तर कॅमेराच पाण्यात पडला. तरी सिनेमा पुरा झालाच. या खटपटीवर फैजा अहमद खान यांनी 2008 साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, तो देशोदेशी पाहिला गेला. शफीक मात्र 2011 साली कर्करोगाने गेला.

या मंडळींना सुरुवातीला कुणी हसलं नसेल का हो?

आणि सामान कमी असलं की गोष्ट कमी पडते असंही नाही. रशियातल्या स्त्रुगात्स्की बंधूंची 'रोडसाइड पिकनिक' नावाची कादंबरी आहे. परग्रहावरचे पाहुणे येऊन गेले, त्या जागी पावलोपावली धोका, पण तो डोळ्यांना दिसत नाही. तारकोव्हस्की यांनी 1979 साली तिच्यावर 'स्टॉकर' काढला. पडद्यावर आहे काय? गवत, पाणी, गंजलेल्या गाड्या. वाटाड्या एका नटाला (सिनेमातला नट नव्हे, बोल्टचा!) फडक्याची पट्टी बांधून पुढे फेकतो आणि मगच त्या दिशेने पाऊल टाकतो. बस्स, एवढ्यावर आपली छाती धडधडते. सिनेमा मोठ्यांचा आहे आणि अगदी संथ, पण नटाचा खेळ आम्ही मैदानावर खेळून पाहिला. मुलं खरंच जपून पावलं टाकायला लागली!

मंगळवारी मी सगळ्या वर्गासमोर त्याला म्हणालो, "काल माझं चुकलं." तो म्हणाला, "हो." आणि सायकल आणायला पळाला.

यंत्र गडप करायची युक्ती फार जुनी. फ्रान्सचे मेलिएस ती 1896 सालीच वापरत होते. कॅमेरा जागचा हलवायचा नाही. चित्रण थांबवायचं, वस्तू उचलायची, पुन्हा सुरू करायचं. झालं! आमचा पहिला प्रयत्न मोबाइल हलल्यामुळे फसला. दुसऱ्या वेळी ढग आला, म्हणजे यंत्र उन्हात होतं आणि ते गेल्यावर सगळीकडे सावली. तिसऱ्यांदा जमलं. (पालकांनो, पंख्याच्या पात्यांना आधीच चिंध्या गुंडाळल्या होत्या, काळजी नसावी.)

राहिली फुलं. मी म्हटलं, तगरीची घेऊ. तो म्हणाला, "नको सर, कपाशीची." सकाळी शेतातून एकाच झाडाची दोन फुलं घेऊन आला, एक पांढरट आणि एक गुलाबी. जाताना खिशात पांढरं ठेवलं आणि परत आल्यावर त्याच खिशातून काढलं गुलाबी!

"असं का रे?"

"कपाशीचं फूल आज उमललं की पांढरं असतं सर. उद्या गुलाबी होतं. म्हणजे मधे दिवस गेला ना!"

कपाशीच्या मुलखात राहतो, रोज शेतांमधून शाळेत येतो, पण हे मला ठाऊक नव्हतं.

सिनेमा पावणेदोन मिनिटांचा झाला. शेवटी त्याने फळ्यावर खडूने श्रेयनामावली लिहिली. पहिलंच नाव : 'सायकल – बाबांची'.

आता तुम्ही सांगा, तुमच्या माळ्यावर काय काय मोडकं पडलंय आणि त्यातून कुठली गोष्ट निघेल? यादी करून मला पाठवा. कूलरचा पंखा सोडून, तो आमच्याकडे आहे.