फ्रेंच उपपदें आणि आपली मायबोली

पुष्कळ गुण मिळतात या समजुतीनें कित्येक विद्यार्थी मराठी सोडून तिच्या जागीं फ्रेंच भाषा घेतात. परंतु आरंभींच 'ल', 'ला' आणि 'ले' हीं तीन चिमुकलीं उपपदें त्यांची वाट अडवितात. आमच्या मतें या अडचणीचें मूळ फ्रेंच भाषेंत नाहीं. आपण तिच्याकडे इंग्रजीच्या वाटेनें जातों, यांत आहे.

इंग्रजींत 'दि' हें एकच उपपद सर्व नामांस चालतें. त्यामुळें फ्रेंचमधील लिंगभेद मुलांस लहरीपणा वाटतो. पण 'तो डोंगर, ती नदी, तें झाड' असें आपण शाळेंत येण्यापूर्वींच अचूक बोलत होतों कीं नाहीं? आपल्या वसईजवळच्या तर्खड गांवाचें नांव लावणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. त्या मराठीस लिंगें तीन; फ्रेंचला दोनच. म्हणजे आपलें ओझें एकानें हलकेंच झालें!

मात्र आपलें लिंग त्यांच्या शब्दास लावूं नये. सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी. पण चंद्र तेथें 'ला ल्यून', म्हणजे स्त्रीलिंगी, आणि घरही 'ला मेझों'. म्हणून वहींत नुसतें 'मेझों' न लिहितां 'ला मेझों' असेंच लिहावें. शब्द स्वरानें सुरू होत असेल तर 'ल' आणि 'ला' दोन्ही आपला स्वर गमावतात व लिंग झांकलें जातें. तेथें 'यून एकोल' असें 'एक'वाचक उपपद लावून पाठ करावें.

आतां आपल्या रोजच्या पावाचें उदाहरण घ्या. १७३९ पर्यंत वसईवर राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांच्या भाषेंतून हा शब्द मराठींत आला. त्यांच्या भाषेंत उपपदें आहेत; पण शब्द आला आणि उपपद मागेंच राहिलें, कारण मराठीस त्याची गरज नव्हती. फ्रेंचला ती आहे. 'मला पाव आवडतो' येथें पावाची सारी जात अभिप्रेत आहे, म्हणून 'ल पॅं'. 'मी पाव खातों' येथें त्यांतील कांहीं भाग, म्हणून 'द्यू पॅं'. इंग्रजी या दोन्ही ठिकाणीं उपपद देतच नाहीं. तेव्हां तिचा आधार येथें निरुपयोगी. अर्थ विचारावा लागतो, आणि अर्थ आपल्याला मायबोलींत कळतो.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंति आहे कीं, मुलांनीं फ्रेंच अवश्य शिकावें; पण त्यासाठीं घरांतील मराठी वाचन थांबवूं नये. पाया उकरून त्याच दगडांनीं कळस बांधूं पाहणाऱ्याचें घर उभें राहत नाहीं.