विश्लेषण : ऑनलाइन परिषदेत ‘ग्राउंडेड थिअरी’ मांडणे अवघड का?

करोनाकाळात शैक्षणिक परिषदा ऑनलाइन झाल्या आणि साथ ओसरल्यावरही त्यांतील अनेक तशाच सुरू राहिल्या. प्रवास-निवासाचा खर्च वाचत असल्याने लहान गावांतील प्राध्यापक आणि पीएचडीचे विद्यार्थीही त्यांत सहभागी होऊ शकतात. मात्र १०-१५ मिनिटांचा हा साचा सर्वच संशोधनांना मानवत नाही. मुलाखतींतून सिद्धांत घडवणाऱ्या ‘ग्राउंडेड थिअरी’ची त्यात कोंडी होते, शिवाय मुलाखत देणाऱ्यांची गोपनीयताही पणाला लागते.

ही पद्धत काय आहे?

बार्नी ग्लेझर आणि अॅन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ‘द डिस्कव्हरी ऑफ ग्राउंडेड थिअरी’ या पुस्तकात ती मांडली. आधी गृहीतक, मग पडताळणी हा संशोधनाचा रूढ क्रम. येथे संशोधक आधी लोकांमध्ये जातो. मुलाखतींतील तपशिलांना तो नेमकी नावे देतो. याला कोडिंग म्हणतात. एका प्रसंगाची दुसऱ्याशी सतत तुलना करतो आणि सुचलेले विचार टिपणांत नोंदवतो. पुढची मुलाखत कोणाची, हे आधीच्या विश्लेषणावरून ठरते. नव्या मुलाखतीतून संकल्पनेत भर पडेनाशी झाली, की माहिती गोळा करणे थांबते.

त्यातून सिद्धांत कसा घडतो?

याचे उत्तम उदाहरण याच दोघांच्या १९६५ मधील ‘अवेअरनेस ऑफ डाइंग’ या अभ्यासात आहे. रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांभोवती काय घडते, हे त्यांनी पाहिले. त्यातून चार अवस्था पुढे आल्या : रुग्णाला काहीच माहीत नसणे, त्याला संशय येणे, सर्वांना माहीत असूनही कोणी बोलून न दाखवणे आणि सर्वांनी ते उघडपणे स्वीकारणे. डॉक्टर, परिचारिका आणि नातेवाईक रुग्णाशी कसे वागतात, हे या अवस्थेवर अवलंबून असते. म्हणजे केवळ वर्णन न करता ‘असे का घडते’ याचे उत्तर येथे मिळते.

परिषदेत अडते कुठे?

परिषदेच्या स्लाइडचा ठरीव साचा उद्दिष्टे, गृहीतक, नमुना, निष्कर्ष असा असतो. त्यामुळे ‘गृहीतक कुठे आहे?’, ‘एवढ्याच मुलाखती?’ असे प्रश्न येतात. संशोधकाचा वेळ पद्धतीचे समर्थन करण्यात जातो. नाहीतर चार-पाच मुद्दे आणि त्याखाली मुलाखतींतील वाक्ये एवढेच दाखवले जाते. ही यादी झाली, सिद्धांत नव्हे. त्यातच या पद्धतीत मतभेद आहेत. स्ट्रॉस यांनी ज्युलिएट कॉर्बिन यांच्यासह १९९० मध्ये मांडलेली रीत ग्लेझर यांना मान्य नव्हती. पुढे कॅथी शारमाझ यांनी संशोधकाच्या स्वतःच्या दृष्टिकोनालाही महत्त्व देणारी वाट रूढ केली. आपण कोणती वाट धरली, हे न सांगितल्यास ऐकणाऱ्यांचा गोंधळ वाढतो.

दहा मिनिटांत काय दाखवता येईल?

सगळा प्रबंध नव्हे, तर एक संकल्पना. एक मूळ वाक्य, त्याला दिलेले पहिले नाव, तुलनेनंतर बदललेले नाव आणि त्यातून उभी राहिलेली संकल्पना असा प्रवास एका स्लाइडवर मावतो. सुरुवातीचा कोणता अंदाज का सोडून द्यावा लागला, हे सांगितले तर विश्वासार्हता वाढते. संकल्पना अजून पक्की झाली नसेल, तर तसे स्पष्ट सांगणेही योग्य ठरते.

गोपनीयतेचा धोका कोणता?

सभागृहात बोललेले बहुतांशी तिथेच राहत असे. ऑनलाइन सत्राचे रेकॉर्डिंग होते, स्लाइडचे स्क्रीनशॉट निघतात, काही सत्रे यूट्यूबवरही जातात. केवळ नाव बदलून भागत नाही. ग्रामीण भागात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा सेविका असते. लहान गावाचे नाव आणि ‘आशा सेविका’ एवढे सांगितले, तरी ती कोण हे गावाला कळते. तिने वरिष्ठांविषयी तक्रार केली असेल, तर परिणाम तिलाच भोगावे लागतील. त्यामुळे गाव आणि पदाचे तपशील धूसर करणे, रेकॉर्डिंग होणार का हे आयोजकांना आधी विचारणे आणि संमती घेतानाच अशा सादरीकरणाचा उल्लेख करणे आवश्यक ठरते.

मग सादरीकरण का करावे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांमध्ये दोन शोधनिबंध मांडणे बंधनकारक होते. २०२२ च्या नियमांत ही अट राहिली नाही. केवळ प्रमाणपत्रासाठी धावण्याचे कारण त्यामुळे कमी झाले. या पद्धतीत विश्लेषण सुरू असतानाच पुढची दिशा ठरत असल्याने, अर्ध्या वाटेवर मिळालेला एक नेमका प्रश्नही पुढची मुलाखत कोणाची घ्यावी हे सुचवू शकतो. मात्र त्यासाठी प्रश्नोत्तरांना पुरेसा वेळ देणारी आणि गुणात्मक संशोधनाची जाण असलेला अध्यक्ष नेमणारी परिषद निवडावी लागेल.