पहिल्या दिवसाची गर्दी

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला मोसम पार पडला. मुंबई, दिल्ली, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद आणि कलिंग यांची नावे धारण केलेले सहा व्यावसायिक संघ, परदेशांतील नामवंत खेळाडू आणि सात-सात जणांचे आटोपशीर सामने असे तिचे स्वरूप होते. विजेतेपद चेन्नईच्या संघाने मिळविले. मात्र ते चेन्नईत नव्हे, मुंबईत. सहाही संघ एकाच मैदानावर खेळले. खर्चाच्या दृष्टीने ही व्यवस्था समजण्यासारखी असली, तरी तिच्यातून एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. ज्या शहराला खेळाची पुरती ओळख नाही, तेथे आधी संघ उभा करावयाचा की प्रेक्षक?

या बाबतीत इतर देशांचे अनुभव डोळ्यांआड करून चालणार नाही. तेरा खेळाडूंच्या रग्बीचे माहेरघर म्हणजे उत्तर इंग्लंडमधील खाणींची आणि गिरण्यांची गावे. १९९६ साली तेथे सुपर लीग सुरू झाली, तेव्हा खेळाचा विस्तार व्हावा या हेतूने पॅरिसमध्ये एक नवा संघ स्थापन करण्यात आला. त्याच्या पहिल्या सामन्याला सतरा हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. परंतु कुतूहलापोटी आलेला प्रेक्षक कुतूहल शमताच घरी बसतो. फ्रान्समध्ये या खेळाची मुळे होती ती दक्षिणेत, राजधानीत नव्हे. दुसऱ्या मोसमात संघात ऑस्ट्रेलियन खेळाडूंचा भरणा झाला आणि १९९७ च्या अखेरीस हा प्रयोग आटोपला. २००६ मध्ये दुसरा फ्रेंच संघ आला तो दक्षिणेतील पेर्पिन्याँ शहराचा. तेथे हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात होता. २०१८ मध्ये याच संघाने चॅलेंज कप जिंकला. हा करंडक जिंकणारा तो इंग्लंडबाहेरचा पहिला संघ होय.

केवळ प्रेक्षक लाभल्यानेही भागत नाही, हे कॅनडातील टोरांटो शहराने दाखवून दिले. तेथील वुल्फपॅक हा संघ २०१७ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत दाखल झाला. अटलांटिक महासागर ओलांडून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रवासाचा व निवासाचा भारही त्यानेच उचलला. लोक सामन्यांना हजारोंनी आले आणि संघ २०२० मध्ये सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. परंतु संघात स्थानिक खेळाडू नावालाच होते, दूरचित्रवाणीच्या उत्पन्नात त्याला वाटा नव्हता आणि सारा डोलारा धनिकाच्या थैलीवर उभा होता. महामारी आली, थैलीचे तोंड आवळले गेले आणि सर्वोच्च श्रेणीतील एकही सामना स्वतःच्या शहरात न खेळता संघाने जुलै २०२० मध्ये माघार घेतली.

मेलबर्नचे उदाहरण याहून बोलके आहे. हे शहर ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचे वेडे. १९९८ मध्ये तेथे तेरा खेळाडूंच्या रग्बीचा स्टॉर्म हा संघ आला. दुसऱ्याच वर्षी तो विजेता ठरला, तरीही एका बलाढ्य वृत्तपत्रसंस्थेला २०१३ पर्यंत त्याचे पालकत्व सांभाळावे लागले. पंधरा खेळाडूंच्या रग्बीचा रेबल्स हा संघ २०११ मध्ये आला. त्याच्या नशिबी वारंवार बदलणारे मालक आणि पराभवांची मालिका आली. २०२४ मध्ये त्याने बाद फेरी गाठली आणि त्याच वर्षी कर्जाच्या ओझ्याखाली तो बंद झाला. मालकाचे नुकसान खतावणीत मांडता येते. पण त्या संघाच्या भरवशावर ज्या तरुणांनी आपले आयुष्य बेतले, त्यांचे नुकसान कोणत्या खात्यावर मांडावयाचे?

आपल्याकडे कबड्डीचे उदाहरण हटकून दिले जाते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीला अल्पावधीत मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला, हे खरेच आहे. परंतु तो दिव्यांच्या झगमगाटाने निर्माण केला नव्हता. लालबाग-परळच्या क्रीडामंडळांनी, खेडोपाडीच्या मैदानांनी आणि शालेय स्पर्धांनी तो आधीच घडविला होता. चढाई म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. रग्बीपाशी ही पुंजी नाही. ज्याने तो लंबगोल चेंडू कधी हाती धरला नाही, त्याला पुढे फेकण्यास मज्जाव का, हेच उमगत नाही. आणि जे उमगत नाही, त्यासाठी मनुष्य दुसऱ्यांदा तिकीट काढीत नाही.

विशेष म्हणजे हा धडा याच भूमीवर पूर्वी एकदा गिरविला गेला आहे. १८७३ मध्ये कलकत्त्यात इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. पलटण हलली, सभासद टेनिस व पोलोकडे वळले आणि पाच वर्षांत क्लब मोडला. शिलकीतील चांदीचे रुपये वितळवून त्याचा एक चषक घडविण्यात आला. इंग्लंड व स्कॉटलंड आजही ज्यासाठी झुंजतात तो कलकत्ता कप हाच. खेळ येथे रुजला नाही, रुपये मात्र करंडक होऊन विलायतेस गेले.

तेव्हा नव्या लीगच्या चालकांनी सहा शहरांची नावे घेतली आहेत, तर त्या शहरांत सामनेही न्यावेत. परदेशी खेळाडूंच्या मानधनातील काही हिस्सा शाळांच्या मैदानांवर आणि क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च करावा. दहा वर्षांचा तोटा सोसण्याची तयारी नसेल, तर तसे आरंभीच सांगावे. पहिल्या दिवसाची गर्दी जाहिरातीने जमविता येते. दहाव्या वर्षीची गर्दी मात्र शाळेच्या मैदानावरूनच यावी लागते.